पेटके, उसण आणि अवघडलेली पाठ : स्नायूंचा जमाखर्च



स्नायूंच्या दुखण्यासाठी मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही. पोटरीत गोळा येतो, पायाला पेटका किंवा वांब येतो, पाठीत उसण भरते, बरगडीखाली चमक निघते, मान धरते, खांदा अवघडतो, मांडीला रग लागते. आयुर्वेदानेही हातापायांना पिळवटून टाकणाऱ्या या विकाराला ‘खल्ली’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. ज्या दुखण्याला इतकी नावे, ते पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी नांदत आले आहे हे सांगावयास नको. तथापि आपल्या घरांत त्यावर उपाय बहुधा दोनच होतात : ‘होईल बरे’ म्हणून दुर्लक्ष, अथवा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली वेदनाशामक गोळी. या दोहोंच्या मधला जो शहाणपणाचा मार्ग आहे, त्याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मी वैद्य नाही. आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले. त्यामुळे शरीराकडेही जमाखर्चाच्या दृष्टीने पाहण्याची सवय लागली आहे. स्नायूंच्या बाबतीत ही दृष्टी पुष्कळ उपयोगी पडते.

आखडणे आणि सैल होणे

स्नायू आखडतो तेव्हा ऊर्जा खर्च होते, हे कोणालाही पटेल. परंतु आखडलेला स्नायू सैल होण्यासाठीही ऊर्जा लागते, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मज्जातंतूकडून हुकूम आला की स्नायूच्या पेशीतील कोठारातून कॅल्शियम बाहेर पडते आणि स्नायू आखडतो. काम संपल्यावर ते सर्व कॅल्शियम पुन्हा कोठारात भरावे लागते. तेव्हाच स्नायू सैल होतो. ही परतफेड फुकट होत नाही. मृत्यूनंतर देह ताठरतो तो याच कारणाने : ऊर्जा संपलेली असते आणि सैल होण्याचा खर्च भागविणारे कोणी उरत नाही.

पेटका येतो तेव्हा बिघाड बहुतेक वेळा हुकूम देणाऱ्या मज्जातंतूकडे असतो. थकलेल्या किंवा बराच वेळ आखूड अवस्थेत राहिलेल्या स्नायूचा मज्जातंतू अतिसंवेदनशील होतो आणि ‘आखड, आखड’ असा हुकूम सोडत राहतो. रात्री पाय लांब करून झोपल्यावर तळपाय खाली झुकतो, पांघरुणाचे वजन त्याला आणखी खाली दाबते आणि पोटरी तासन्‌तास आखूड राहते. मग कूस बदलताना जरासा ताण पडला तरी मध्यरात्री गोळा येतो. पन्नाशीनंतर हा अनुभव फार सामान्य आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांतही तो पुष्कळ स्त्रियांना येतो.

मान आणि पाठ यांची गोष्ट थोडी निराळी. तेथे स्नायू एकदम वळत नाही. दिवसभर थोडाथोडा ताणलेला राहतो आणि त्याला मोकळे होण्यास अवसर मिळत नाही. गादीवर मांडी घालून वहीवर वाकलेले पेढीवाले, भिंगातून हिरा पाहणारे जवाहिर, कापडाचे ठाण उलगडणारे दुकानदार, ओट्याशी उभ्या असलेल्या गृहिणी आणि आता मोबाइलवर मान खाली घालून हिशेब पाहणारी तरुण मंडळी, या सर्वांचे खाते एकाच बाजूला फुगत जाते. बँकेतील रोखपाल खिडकीकडे वळून पैसे घेई आणि उलट बाजूला वळून ते पेटीत ठेवी. अशा अनेकांची मान वर्षानुवर्षे एकाच बाजूला धरलेली मी पाहिली आहे. काम भारी नव्हते. पण त्याला विसावा नव्हता.

मीठ, पाणी आणि घाम

आम्ही राहतो त्या खारदांड्याच्या नावातच खार आहे. समुद्राची हवा दमट. त्यामुळे घाम भरपूर येतो, पण वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. पहाटे होड्यांचे दोरखंड ओढणारे कोळी बांधव, डोक्यावर जड पाट्या घेऊन गल्ल्यांतून झपझप जाणाऱ्या कोळणी, दुकानासमोर टेम्पो रिकामा करणारे हमाल, या सर्वांच्या अंगातून घामाबरोबर मीठही वाहून जाते.

याचा अभ्यास इंग्लंडमधील कोळशाच्या खोल आणि तप्त खाणींत १९२०च्या दशकात झाला. के. नेव्हिल मॉस या अभ्यासकाला असे आढळले की, भरपूर घाम गाळून नुसते साधे पाणी पिणाऱ्या खाणकामगारांना तीव्र पेटके येतात आणि पाण्यात थोडे मीठ घातल्यास ते टळतात. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेतील हूव्हर धरणाच्या मजुरांबाबतही हाच अनुभव आला. म्हणून उन्हात कष्ट करणाऱ्याला नुसते पाणी पुरत नाही. चिमूटभर मीठ आणि साखर घातलेले लिंबूपाणी, ताक किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे ओआरएसचे द्रावण अधिक हितकर. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी मात्र मीठ वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

उन्हातील पेटके ही किरकोळ बाब समजू नये. उष्माघाताच्या वाटेवरील ती पहिली घंटा असू शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले, हे आपण विसरलेलो नाही. पेटक्याबरोबर चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी असेल तर माणसाला तत्काळ सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा. बोलण्यात गोंधळ दिसला तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

लोणच्याच्या खाराने पेटका थांबतो, असेही काही जण सांगतात. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हिनेगर-मिठातील काकडीच्या लोणच्याच्या पाण्याने पेटका खरोखरच लवकर ओसरला. गंमत अशी की, ते पाणी रक्तात उतरण्याइतका वेळही गेला नव्हता. आंबट-खारट चवीने तोंडातून आणि घशातून मज्जासंस्थेला काही निरोप जात असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला. आपल्या तेलकट लोणच्यावर हा प्रयोग झालेला नाही. म्हणून बरणीकडे धावण्याचे कारण नाही.

तपश्चर्येच्या दिवसांत

पर्युषण आणि दशलक्षण पर्व भाद्रपदाच्या सुमारास येतात. चौविहार उपवासात पाणीही वर्ज्य. अट्ठाईत तर आठ दिवस अन्न नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटऱ्या वळू लागल्याची तक्रार अनेक घरांत ऐकू येते. तपाची श्रद्धा ज्याची त्याची आणि तिचा आदरच आहे. तथापि तयारी ही शिस्तीचाच भाग होय. उपवासाच्या आदल्या दिवशी पाणी पुरेसे प्यावे. तिविहार असेल तर उकळलेले पाणी दिवसभरात थोडेथोडे, मोजून घ्यावे. दुपारच्या उन्हात देरासरापर्यंत पायी जाण्याऐवजी सकाळची वेळ निवडावी. पारण्याच्या दिवशी एकदम भरपेट खाऊ नये. मुगाचे पाणी, नारळपाणी अशा हलक्या आहाराने सुरुवात करावी. दीर्घ उपवासानंतर एकाएकी पोटभर जेवल्यास रक्तातील क्षारांचा तोल बिघडतो आणि ते धोक्याचे ठरू शकते.

मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांकडे एक फेरी मारावी. मात्रा बदलावी लागते. ती मनाने बदलू नये. आणि तप चालू असता प्रकृती ढासळली तर संकोच नको. पच्चक्खाणाच्या सूत्रातच ‘आगार’ म्हणजे सवलती सांगितल्या आहेत आणि समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याची मुभा त्यांत आहे. गुरुमहाराजांना विचारून तिचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

तत्काळ काय करावे

पोटरीत गोळा आला असता गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा हळूहळू स्वतःकडे ओढावा आणि वीस ते तीस सेकंद तसाच धरावा. हात पोचत नसेल तर पंच्याचा किंवा ओढणीचा फास तळव्याखाली अडकवून ओढावे. उभे राहता येत असेल तर भिंतीचा आधार घेऊन टाच जमिनीवर घट्ट टेकवावी. स्नायूच्या टोकाशी असलेल्या कंडरेत ताण मोजणारी सूक्ष्म यंत्रणा असते; ताण दिला की ती मज्जारज्जूला ‘पुरे’ असा निरोप देते आणि हुकूम थांबतो. पेटक्यावर याहून जलद उपाय नाही आणि त्याला एक पैसा पडत नाही. मग हलक्या हाताने चोळावे, कोमट शेक द्यावा.

पेटका येऊच नये यासाठीही ताणच उपयोगी. नेदरलँड्समधील संशोधकांनी पंचावन्न वर्षांवरील ८० जणांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांनी सहा आठवडे रोज झोपण्यापूर्वी पोटरीचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे ताणाचे व्यायाम केले. त्यांचे रात्रीचे पेटके संख्येने आणि तीव्रतेने कमी झाले. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून, टाचा न उचलता पुढे झुकावे, दहा मोजेपर्यंत थांबावे, असे तीनदा. मॅग्नेशियमच्या गोळ्यांची जाहिरात पुष्कळ होते, परंतु वयस्करांच्या रात्रीच्या पेटक्यांवर त्यांचा लक्षणीय उपयोग अभ्यासांत दिसलेला नाही. पूर्वी क्विनिन देत असत. त्याचे दुष्परिणाम जीवघेणे ठरू शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली पेटक्यांसाठी ते वापरण्याविरुद्ध इशारा दिला.

पाठीत उसण भरली असता आठ-आठ दिवस अंथरुणावर पडून राहण्याची पद्धत आता मागे पडली आहे. हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा झेपेल तेवढे नित्याचे काम चालू ठेवणारे लवकर बरे झाले. एखाद-दुसरा दिवस सांभाळावे, मग हळूहळू घरात फिरावे. नुकत्याच झालेल्या मुरगळण्याला आणि सुजेला बर्फ. आखडलेल्या स्नायूला शेक. मधुमेह्यांनी शेकाची पिशवी आधी दुसऱ्याच्या हाताला लावून पाहावी. पाय बधिर असेल तर भाजलेले कळत नाही. आणि मान धरली म्हणून केशकर्तनालयात ‘कट्ट’ आवाज येईपर्यंत मोडून घेऊ नये. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

बाम, गोळी आणि मूत्रपिंड

बाम हा मुंबईचा जुना सोबती. अमृतांजन १८९३ साली याच शहरात काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी सुरू केले. बाम स्नायूच्या आत जाऊन आजार बरा करतो असे नव्हे; त्वचेवरील गार-उष्ण संवेदना वेदनेच्या निरोपाची वाट अडवते. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या ‘गेट’ सिद्धान्ताने याची उपपत्ती लागते. ठेच लागल्यावर आपण नकळत जागा चोळतो, त्यातही हेच तत्त्व. बामवर गरम पिशवी ठेवू नये आणि कापूर असलेला बाम तान्ह्या मुलांपासून दूर ठेवावा.

गोळीची गोष्ट मात्र गंभीर आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके काही दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर उपयोगी. परंतु ती मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. त्यातच रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढविणारी गोळी चालू असेल आणि उपवासाने किंवा जुलाबाने शरीर कोरडे पडले असेल, तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. उपवासात अंग दुखते म्हणून पारण्याच्या आधी-मागे ही गोळी घेणे हा सर्वांत वाईट योग होय.

डायक्लोफेनॅकच्या सामर्थ्याचा दाखला आपल्या समाजाला विशेष भिडावा असा आहे. गुराढोरांच्या दुखण्यावर ते सर्रास दिले जाई. औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि १९९०च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या तीन जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. कारण २००४ साली उघड झाले आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला. पांजरापोळांना देणगी देणाऱ्या कुटुंबांनी तेथे कोणते वेदनाशामक वापरले जाते, हे अवश्य विचारावे. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही. परंतु औषध त्याच जातीचे आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी काहींचे स्नायू दुखतात. डॉक्टरांना सांगावे, पर्यायी औषध मिळते. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नये. थायरॉइडची मंदता, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही अंग दुखते. वनस्पतिजन्य आहारात बी-१२ नसते. दूध-दही कमी घेणाऱ्यांच्या पायांना मुंग्या येत असतील तर रक्ततपासणी करून घ्यावी.

दुसऱ्याची पाठ

व्यापाऱ्याला तराजूच्या दांडीचे गणित शिकवावे लागत नाही : काट्यापासून दूर टांगलेले लहान वजनही जवळच्या मोठ्या वजनाला तोलते. कमरेचा मणका हा काटा समजा. पाठीचे स्नायू त्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर ओढ धरतात. वाकून, हात लांब करून, मणक्यापासून चाळीस सेंटिमीटर पुढे वीस किलोचा डबा धरला, तर त्या स्नायूंना आठपट, म्हणजे सुमारे एकशे साठ किलोंची ओढ लावावी लागते. वाकलेल्या धडाचे वजन निराळेच. म्हणून ओझे अंगाशी धरावे, गुडघ्यांत वाकून उचलावे आणि उचलताना कमरेत वळू नये.

हे गणित आपल्या पाठीपुरते मांडून थांबलो तर हिशेब अपुरा राहील. आपल्या दुकानात माल कोण उतरवितो? १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस क्रमांक १२८ मध्ये प्रौढ पुरुषाने एका वेळी ५५ किलोंहून अधिक ओझे वाहू नये असे सुचविले. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम केला. अण्णासाहेब पाटील यांनी या कष्टकऱ्यांना संघटित केले. आणि या सर्वांच्या कितीतरी शतके आधी तत्त्वार्थसूत्राने श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यांत ‘अतिभारारोपण’, म्हणजे झेपण्यापलीकडे भार लादणे, याची गणना केली. केवळ बैलावर लादलेला भार त्यात येतो असे नाही. माणसावर लादलेलाही येतो.

करण्यासारखे फार काही कठीण नाही. दुकानात एक हातगाडी ठेवावी. जड माल कमरेच्या उंचीच्या फळीवर रचावा, म्हणजे जमिनीपर्यंत वाकावे लागत नाही. पोते दोघांनी उचलावे. उन्हाळ्यात माल सकाळी उतरवून घ्यावा आणि हमालाला पाण्याबरोबर लिंबू-मीठ-साखरही द्यावी. त्याची पाठ धरली तर त्या दिवसाची मजुरी कापू नये. आपली धरली असता आपण गादीवरून उठत नाही आणि पेढी चालूच राहते, त्याच्या घरी तसे नसते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

पुढील लक्षणांत बाम चोळत बसू नये :

एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणे. विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर. हे रक्ताची गुठळी असण्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी पाय दाबू अथवा चोळू नये.

छाती, डावा हात, जबडा किंवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये दाब, घाम आणि दम. हे ‘गॅस’ किंवा ‘चमक’ समजून घरी थांबू नये. मधुमेह्यांत तर दुखणे सौम्यही असते.

थोडे अंतर चालल्यावर पोटरीत कळ आणि थांबल्यावर आराम. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची ही खूण असू शकते, विशेषतः तंबाखूची सवय असणाऱ्यांत.

पाठदुखीबरोबर पायातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, मांडीच्या आतील भाग बधिर होणे. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

स्नायूंच्या दुखण्याबरोबर लघवी गडद तपकिरी होणे. अथवा ताप, वजन घटणे, रात्रीची न थांबणारी वेदना.

यांपैकी काही नसेल तर बहुतेक दुखणी थोड्या दिवसांत आपोआप निवळतात. त्यांना हवा असतो तो विसावा, ताण आणि पाणी. दर अर्ध्या तासाने गादीवरून उठावे, खांदे मागे फिरवावेत, मान दोन्ही बाजूंना हळू वळवावी. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे कायोत्सर्गात बसावे किंवा आडवे व्हावे आणि कपाळापासून तळव्यापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा. सांजवेळी वही मिटताना जसे दिवसाचे येणे-देणे मिळवून पाहतो, तसेच त्या दिवशी आपल्या आणि आपल्यासाठी राबणाऱ्यांच्या पाठीवर किती भार पडला व किती उतरला, तेही एकदा पाहावे.